आघात कुठे, तोड कुठे?

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी या गावात हयातभर इंग्रजी शिकवले. तेव्हा एखादे व्याख्यान इंग्रजी शब्दांच्या उच्चारावर व्हावे, असे संयोजकांनी सुचवले आणि पुढचे माझ्यावर सोपवले. मी एकच शब्द निवडला आहे. एका शब्दावर तासभर बोलणार म्हटल्यावर संयोजक थोडे चपापले. मी त्यांना शब्द म्हणून दाखवला, तेव्हा तास पुरेल की नाही अशी शंका त्यांनीच काढली.

शब्द असा आहे: सुपरकॅलिफ्रॅजिलिस्टिकएक्स्पिॲलिडोशस. व्याकरणदृष्ट्या हे विशेषण. अर्थ विचाराल, तर 'फारच भारी' यापलीकडे त्यात काही नाही. १९६४ साली डिस्नेचा 'मेरी पॉपिन्स' हा चित्रपट आला, त्यात ज्यूली अँड्र्यूज आणि डिक व्हॅन डाइक यांनी म्हटलेल्या गाण्यामुळे हा शब्द जगभर पोहोचला. गाणे रॉबर्ट आणि रिचर्ड शर्मन या भावांचे. पी. एल. ट्रॅव्हर्स यांची मेरी पॉपिन्सची मूळ पुस्तके १९३४ पासून निघत होती, पण त्यांत हा शब्द नाही.

'अनकॉन्स्टिट्यूशनल'सारखे भारदस्त विशेषण सोडून हे पोरखेळाचे का घेतले? कारण साधे आहे. भारदस्त शब्द म्हणताना त्याचा अर्थ, त्याचे मूळ, त्याचे नात्यातले शब्द आपल्याला आतून मदत करतात. या शब्दाच्या पाठीशी काही नाही, नुसता नाद आहे. तरीही इंग्रजी घरातले सहा वर्षांचे पोर आणि त्याचा आजोबा तो एकाच ठेक्यात म्हणतात. अर्थाचा आधार नसताना हे एकमत होते कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना इंग्रजी उच्चाराची किल्ली हाती लागते, असे माझे म्हणणे आहे.

आधी मोजणी करू. रोमन लिपीत या शब्दाची अक्षरे ३४. देवनागरीत मोजा: सु, प, र, कॅ, लि, फ्रॅ, जि, लि, स्टि, क, ए, क्स्पि, ॲ, लि, डो, श, स. झाली १७. मंदाक्रांतेच्या एका चरणात असतात तेवढी. पण तोंडाने म्हणून पाहा. 'सुपर'मधला र, 'स्टिक'मधला क आणि 'डोशस'मधला शेवटचा स यांना लिहिताना पूर्ण अक्षराचा मान मिळतो, बोलताना ते पाय मोडूनच येतात. हे तीन वजा केले की उरतात १४. हे झाले सिलॅबल. याला आपल्याकडे शास्त्रात अक्षरच म्हणतात, पण अक्षर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लिहिलेले अक्षर उभे राहते, म्हणून आज मी सिलॅबल हाच शब्द वापरणार आहे. ब्रिटिश माणूस 'सुपर'मधला र गिळतो, अमेरिकन तो ठेवतो; दोघांचेही सिलॅबल १४च.

लिहिलेली अक्षरे आणि बोललेले सिलॅबल यांत असा फरक पडतो, ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. 'सरपण' लिहायला चार अक्षरे, बोलायला दोन सिलॅबल: सर्, पण्. 'कमळ' लिहायला तीन, बोलायला दोन. तोच 'कमळ' वृत्तात बसवायचा असला, की शेवटचा अ जागा होतो आणि तीन अक्षरांचा हिशेब पुरा करून देतो. कवितेसाठी एक मोजणी, बोलण्यासाठी दुसरी, अशा दोन वह्या आपण लहानपणापासून ठेवतो आणि त्यांचा घोळ होऊ देत नाही. इंग्रजीचे सिलॅबल मोजायला वेगळा कान लागत नाही.

आता हे १४ सिलॅबल जोडीजोडीने म्हणू. सुपर्, कॅलि, फ्रॅजि, लिस्टिक्, एक्स्पि, ॲलि, डोशस्. सात जोड्या. प्रत्येक जोडीत पहिल्यावर जोर, दुसरा हलका. सभागृहातल्या मंडळींनी सात टाळ्या वाजवून पाहाव्यात. शब्द आपसूक बसतो. सातही टाळ्या सारख्या जोराच्या मात्र नाहीत. चौथी, म्हणजे 'लिस्', आणि सातवी, म्हणजे 'डो', या दोन सगळ्यांत ठसठशीत. ज्याला ३४ अक्षरांचे स्पेलिंग पाहून घाम फुटतो, त्याने एवढेच लक्षात ठेवावे: सात ठोके, त्यांतले दोन मोठे.

ठोके हेच या शब्दाचे शरीर आहे, स्पेलिंग हा त्याचा कपडा आहे, याला पुरावा आहे. हा शब्द शर्मन बंधूंच्याही आधी अमेरिकेत तोंडोतोंडी फिरत होता. १९३१ साली सिरॅक्यूज विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात तो छापला गेला, तेव्हा 'फ्रॅजि'च्या जागी 'फ्लॉजॅ' असे काहीतरी होते. चित्रपट गाजल्यावर दुसऱ्या दोन गीतकारांनी, आमच्या १९४९ च्या गाण्यातला शब्द उचलला, म्हणून १९६५ साली दावा लावला. त्यांच्या शब्दात 'फ्रॅजि'चे 'फाजा' होते, 'एक्स्पि'चे 'एस्पी' होते आणि शेवटी 'डोजस'. असे शब्द १९४९ च्या आधीपासूनच लोकांच्या तोंडी होते, हे पाहून न्यायालयाने त्यांना मनाई हुकूम दिला नाही. आपल्याला खटल्यात रस नाही. गंमत ही की तिन्ही रूपांची स्पेलिंगे निराळी, व्यंजने निराळी, पण सिलॅबल तिन्हीकडे १४, जोड्या सात, आणि मोठे ठोके त्याच दोन जागी. तोंडोतोंडी जाताना स्वर-व्यंजनांची झीज झाली, ठेक्याला धक्का लागला नाही.

दुसरा पुरावा फुटबॉलचा. फेब्रुवारी २००० मध्ये स्कॉटिश कपच्या सामन्यात इनव्हर्नेस कॅलेडोनियन थिसल या छोट्या संघाने बलाढ्य सेल्टिकला ३-१ असे हरवले. दुसऱ्या दिवशी 'द सन' या वृत्तपत्राने मथळा दिला: 'सुपर कॅली गो बॅलिस्टिक, सेल्टिक आर अट्रोशस'. कॅली, म्हणजे कॅलेडोनियन, धडाडले, सेल्टिकने लाज घालवली, असा त्याचा मतलब. मोजून पाहा. सु, पर्, कॅ, ली, गो, बॅ, लिस्, टिक्, सेल्, टिक्, आर्, अ, ट्रो, शस्. चौदाच्या चौदा. मधले शब्द पार बदलले, तरी ब्रिटनभर वाचकांना मूळ गाणे ऐकू आले. 'लिस्टिक' आणि 'ओशस' हे दोन खांब जागेवर होते, एवढे पुरेसे झाले.

हे दोन खांब त्या जागी कोणी रोवले? इथे इंग्रजीचा एक नियम कामाला येतो. इंग्रजीत शब्दाचा मुख्य आघात, म्हणजे आपला मोठा ठोका, पुष्कळदा शेवटच्या प्रत्ययावरून ठरतो. 'इक' हा प्रत्यय लागला की आघात त्याच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर जातो. 'ॲटम'मध्ये जोर ॲवर आहे. 'अटॉमिक' होताच तो टॉवर सरकतो. 'हिस्टरी'त हिस्वर, 'हिस्टॉरिक'मध्ये टॉवर. 'फोटोग्राफ'मध्ये फोवर, 'फोटोग्राफिक'मध्ये ग्रावर. 'शस' किंवा 'इयस'ने संपणाऱ्या 'फेरोशस', 'अट्रोशस', 'लॅबोरियस', 'व्हिक्टोरियस' या विशेषणांचेही तसेच: रो, ट्रो, बो, टो. अपवाद आहेत, नाही असे नाही. 'ॲरबिक', 'कॅथलिक', 'ल्युनॅटिक' हे 'इक'वाले असून आघात पहिल्याच सिलॅबलवर ठेवतात. पण असे शब्द बोटांवर मोजण्याइतके. आपल्या शब्दात 'लिस्टिक' आहे, म्हणून लिस्वर ठोका. 'डोशस' आहे, म्हणून डोवर ठोका. उरलेल्या सिलॅबलनी एकाआड एक चढउतार घेतला की सात जोड्या तयार. नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले यांनी १९६८ च्या आपल्या जाडजूड ग्रंथात इंग्रजी आघातांचे नियम सूत्ररूपाने बसवण्याचा प्रयत्न केला. 'मेरी पॉपिन्स' पाहणाऱ्या मुलांना ती सूत्रे न वाचताच येत होती.

बोलणाऱ्याच्या मनात ही जोड्यांची मांडणी किती पक्की असते, ते इंग्रजांच्या एका सवयीत दिसते, जरा असभ्य असली तरी. चिडून किंवा खुशीत येऊन ते लांब शब्द फोडतात आणि मधे शिवी ठोकतात. 'फँटॅस्टिक'चे 'फॅन-ब्लडी-टॅस्टिक' होते. 'फँटॅस-ब्लडी-टिक' कोणी म्हणत नाही. म्हणाले तर ऐकणारा हसेल तरी नाहीतर गोंधळेल तरी. शिवी बहुधा मोठ्या ठोक्याच्या जोडीच्या दारातच येऊन थांबते. जॉन मॅकार्थी या भाषाशास्त्रज्ञाने १९८२ साली या प्रकारावर गंभीर निबंध लिहिला. कुठल्याही व्याकरणात न शिकवलेला नियम रस्त्यावरचा माणूस शिवी देतानाही पाळतो, ही गोष्ट विद्यापीठात अभ्यासण्याजोगी आहेच.

आता तोडीकडे, म्हणजे एक सिलॅबल संपून दुसरा सुरू होतो त्या जागेकडे, वळू. आघात कुठे, यावर सगळ्यांचे एकमत. तोड कुठे, यावर मात्र पंडितांचेही नाही. 'लिस्टिक' घ्या. 'लिस्-टिक्' की 'लि-स्टिक्'? एक पक्ष म्हणतो, शब्दाच्या सुरुवातीला जो जोडव्यंजनांचा पुंज चालतो, तो पुढच्या सिलॅबलला द्यावा. 'स्टिक' शब्दाच्या आरंभी चालते, म्हणून 'लि-स्टिक्'. दुसरा पक्ष म्हणतो, जोराचे सिलॅबल आजूबाजूची व्यंजने स्वतःकडे ओढते. जे. सी. वेल्स यांच्या १९९० च्या लाँगमन उच्चारकोशात हे दुसरे धोरण आहे; डॅनियल जोन्स यांनी १९१७ साली सुरू केलेल्या उच्चारकोशाच्या नव्या आवृत्त्या पहिल्याकडे झुकतात. दोन्ही कोश नामांकित, दोन्हींमध्ये उच्चार तोच, फक्त रेघ वेगळ्या जागी.

ओळीच्या शेवटी शब्द तोडताना मुद्रकांचा घोळ आणखी निराळा. अमेरिकन छापखाना बहुधा उच्चार पाहून तोडतो, जुना ब्रिटिश छापखाना शब्दाचे मूळ पाहून. 'नॉलेज' या शब्दात अमेरिकन हायफन एलनंतर पडतो, ब्रिटिश डब्ल्यूनंतर. फ्रँकलिन लियांग यांनी १९८३ साली स्टॅनफर्डच्या प्रबंधात संगणकासाठी शब्द तोडण्याची पद्धत बसवली. संगणकाला उच्चार कळत नाही. अक्षरांचे ठरावीक नमुने पाहून तो तोडतो आणि बहुतेकदा बरोबर तोडतो.

आपल्याकडे हा वाद फार जुना. वेदांच्या पठणासाठी रचलेल्या प्रातिशाख्य ग्रंथांत स्वर हाच सिलॅबलचा प्राण मानला आहे, आणि व्यंजने कोणत्या स्वराला द्यायची याचे नियम घातले आहेत. जोडाक्षरातले पहिले व्यंजन मागच्या स्वराकडे जाते, हा त्यांतला एक. त्या हिशेबाने 'लिस्-टिक्' हेच खरे, आणि मराठी जिभेलाही तेच सोयीचे. लघुगुरूचा हिशेबही त्यावरच उभा आहे: जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू होते, ते मागे आलेल्या त्या व्यंजनाच्या वजनामुळे.

आणि इथेच मराठी कानाची खरी अडचण सुरू होते. आपल्याकडे वजन अक्षराच्या अंगचे असते. दीर्घ असेल किंवा पुढे जोडाक्षर असेल तर गुरू, नाहीतर लघू. शब्द लांबला, प्रत्यय लागला, म्हणून 'का'चे वजन कमी होत नाही. इंग्रजीत वजन शब्दभर फिरते, आणि जिथून ते उठते तिथला स्वरही बरोबर घेऊन जाते. 'फोटोग्राफ'मधला स्वच्छ 'फो' 'फोटोग्राफर'मध्ये नुसता 'फ' उरतो, कारण जोर 'टॉ'वर गेला. 'सुपर' पाहा. आपण तो ऱ्हस्व 'सु' आणि पुढे 'पर्' असा लिहितो. आपल्या गणिताने सु लघू आणि पर् गुरू. इंग्रजी तोंडात बरोबर उलटे आहे: 'सू' लांब आणि जोरात, 'पर' विझलेला. आपण एकेक अक्षर इमानदारीने, सारख्या वजनाने म्हणतो. परक्याला ते ऐकताना मोठा ठोका सापडत नाही, आणि शब्द निसटतो.

आपल्या शाळांनी या अडचणीत भर घातली आहे. स्पेलिंग पाठ व्हावे म्हणून आपण 'वेड-नेस-डे', 'फेब-रु-आरी' असे फोडून घोकतो. स्पेलिंगसाठी ती युक्ती उत्तम आहे, परीक्षेत तिने कित्येकांना तारले आहे. पण ती तोड हातासाठी आहे, जिभेसाठी नाही. बोलताना पहिला शब्द 'वेन्झ्डे' आहे, दोन सिलॅबलचा. 'कम्फर्टेबल' आपण चार सिलॅबलमध्ये म्हणतो, इंग्रज तीनमध्ये संपवतो. 'व्हेजिटेबल'चेही तेच. 'हॉटेल'चा जोर इंग्रजीत 'टेल'वर आहे, आपण तो 'हॉ'वर आणून ठेवला. यातले 'हॉटेल' आता पुरते मराठी झाले आहे, आणि मराठीत ते मराठीसारखेच म्हणावे. चहाच्या टपरीवर इंग्रजी आघात देऊन 'होटेल' म्हणणाऱ्याला पोऱ्याही ओळखणार नाही.

आघात चुकला तर बिघडते काय? आपल्या परंपरेत याचे उत्तर फार जुने आहे. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ मांडला आणि 'इन्द्रशत्रु' हा शब्द मंत्रात घातला. स्वर शेवटी असता तर अर्थ झाला असता इंद्राला मारणारा. स्वर पहिल्या पदावर पडला, अर्थ झाला ज्याला इंद्र मारील असा, आणि तो पुत्र, वृत्र, इंद्राच्या हातून मेला. पतंजलीच्या महाभाष्यात ही कथा येते ती विद्यार्थ्याने व्याकरण का शिकावे, हे पटवण्यासाठी. तो वैदिक स्वर म्हणजे आवाजाची उंची, इंग्रजी आघातात जोर, लांबी आणि उंची तिन्ही मिसळलेली. दोन्हींची बरोबरी करता येत नाही. पण स्वराची जागा अर्थ बदलते, हे इंग्रजीतही खरे. 'रेकॉर्ड'मध्ये जोर पहिल्या सिलॅबलवर दिला तर ती तबकडी किंवा नोंद, दुसऱ्यावर दिला तर नोंदवणे. 'इंग्लिश टीचर'मध्ये 'इंग्लिश'वर जोर दिला तर इंग्रजी शिकवणारी बाई, 'टीचर'वर दिला तर इंग्लंडहून आलेली. मराठीत आघाताने अर्थ असा सहसा बदलत नाही, म्हणून आपले त्याकडे लक्ष जात नाही.

इथे कोणी विचारील, म्हणजे साहेबासारखे बोलायचे का? मुळीच नाही. उच्चाराने माणसाची पायरी ठरवण्याची खोड सगळीकडे आहे. बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'चा सगळा खेळ तिच्यावरच चालतो, आणि पुलंनी तो 'ती फुलराणी'त आणला तेव्हा मराठीची आपली उच्चारांवरून नाक मुरडण्याची हौस रंगमंचावर उघडी पडली. २००० नंतरच्या कॉल सेंटरच्या लाटेत पुण्या-मुंबईच्या मुलांना 'न्यूट्रल ॲक्सेंट' शिकवणारे वर्ग गल्लोगल्ली निघाले. त्यांत व आणि डब्ल्यू, ट आणि टी यांवर घाम गाळला गेला. माझ्या मते त्यातला बराच घाम वाया गेला. 'ट' मराठी वळणाचा राहिला तरी अमेरिकन माणसाला शब्द कळतो. मोठा ठोका भलत्या सिलॅबलवर पडला, तर मात्र तोच ओळखीचा शब्द त्याला परका वाटतो. ॲक्सेंट ज्याचा त्याचा असतो आणि असावा. आघात हा शब्दाचा भाग आहे, जसे स्पेलिंग आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्या मुलांना आपण स्पेलिंग देतो, अर्थ देतो, वाक्यात उपयोग करून घेतो. ठोका देत नाही. कोशात तो दिलेला असतो: आघाताच्या सिलॅबलच्या आधी वरच्या बाजूला एक छोटी उभी रेघ. ती रेघ वाचायला शिकवणे हे काम एका तासाचे आहे. मुलांच्या वहीत शब्दाखाली अर्थ लिहून घेताना मोठ्या ठोक्याच्या सिलॅबलखाली एक रेघ ओढून घ्यावी. 'इक', 'शस', 'शन', 'इटी' असे आठ-दहा प्रत्यय आणि त्यांचे ठोके पाठ करून घ्यावेत. पाढे म्हणणाऱ्या मुलांना ते जड नाही. तोड कुठे पडते यावर वर्गात वाद घालू नये, तो कोशकारांवर सोडावा.

आणि सुरुवात याच विशेषणाने करावी, अशी माझी शिफारस आहे. अर्थ चुकायची भीती नाही, परीक्षेत येण्याची शक्यता नाही, आणि सात टाळ्यांत ३४ अक्षरे जिभेवर बसली, की 'अनकॉन्स्टिट्यूशनल'चे सहा सिलॅबल कोणालाच लांब वाटणार नाहीत. त्यातला मोठा ठोका 'ट्यू'वर आहे, 'शन'च्या आधी. तो का, हे आता या सभागृहात सांगावे लागणार नाही.